एमिलचा ऑक्सिजन आणि माझा इन्व्हर्टर

२ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ६.१०
ठरलं. अठरा तारखेच्या फुटबॉल मॅचला एमिलला, म्हणजे सासऱ्यांना, मी घेऊन जाणार. स्टेडियमच्या आत नाही, पायऱ्या त्याला आता झेपत नाहीत. बाहेर पार्किंगमध्ये. पिकअपचा मागचा फाळका पाडायचा, खुर्च्या मांडायच्या, सॉसेज, घेवडा-खिम्याची चिली, बिअर, टीव्हीवर मॅच. सासरेबुवांनी चाळीस वर्षं हेच केलं. गेली दोन वर्षं फुप्फुसांनी दगा दिल्यामुळे घरात आहेत. नाकात नळी आणि पायाशी ऑक्सिजनचं मशीन, पावाच्या डब्याएवढं.
लोर्ना म्हणाली, बाबांना न्यायला माझी ना नाही, पण त्या मशीनला वीज कुठून देणार आहेस? मी म्हणालो, गाडीतून. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. या बघण्याचा अर्थ कौतुक असा मी लावतो.

४ नोव्हेंबर, शनिवार
मेव्हणा आला होता. गॉर्डी प्लंबर आहे, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट पाइपासारखी असते असं त्याला वाटतं. म्हणाला, नॉर्बर्ट, माझा जनरेटर घेऊन जा, कशाला डोक्याला ताप करून घेतोस. मी सांगितलं, जनरेटर हा आडदांड माणसांचा मार्ग आहे. म्हणाला, तू गालिचे विकतोस रे. मी म्हणालो, विजेची समज अंगात असावी लागते. तो हसला. हसू दे.
शेजाऱ्यांनी जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यात गाडीच्या बॅटरीवर घरची उपकरणं चालवणारा इन्व्हर्टर मिळाला. हजार वॉट. खोका नाही, माहितीपुस्तक नाही. ती अडाण्यांसाठी असतात.

६ नोव्हेंबर
यादी: टीव्ही. चिलीसाठी इलेक्ट्रिक भांडं. गरम होणारं ब्लँकेट. स्पीकर. फोन चार्जर. रंगीत दिव्यांची माळ. आणि अर्थात ऑक्सिजनचं मशीन.
लोर्ना म्हणाली, मशीन यादीत सगळ्यात खाली कसं? मी म्हणालो, महत्त्वाची गोष्ट शेवटी लिहिली की लक्षात राहते.

७ नोव्हेंबर. पहाटे ५
चारदा उठून गॅरेजमध्ये जाऊन आलो. सगळं जागच्या जागी आहे. अजून काहीच जोडलेलं नाही, तरी बघून बरं वाटतं.

११ नोव्हेंबर, शनिवार
चाचणी. इन्व्हर्टर सिगारेट लायटरच्या भोकात खुपसला, चिलीचं भांडं लावलं. "फट्" असा अगदी सभ्य आवाज झाला. फ्यूज.
लोर्नाने विचारलं, गाडीत कसला वास येतोय. मी म्हणालो, नवीन गाडीचा. गाडी २००९ ची आहे. विषय तिथेच संपला. माझ्या बाजूने.

१२ नोव्हेंबर, रविवार
लायटरचं भोक म्हणजे वरवरचा उपाय. फ्यूज बदलून ते मशीनसाठी राखून ठेवलं आणि इन्व्हर्टरचे चिमटे थेट बॅटरीला लावले. बॉनेटच्या फटीतून वायर बाहेर. सगळं लागलं. टीव्ही, भांडं, माळ, सगळं. अकरा मिनिटं चाललं, मग बॅटरी दमू नये म्हणून मीच बंद केलं. अकरा मिनिटं चाललं ते चार तास चालणारच, प्रश्न फक्त जास्त मिनिटांचा आहे.
पंख्याचा आवाज थोडा आहे. गांधीलमाश्यांचं पोळं बादलीत ठेवल्यासारखा. सवय होते.

१५ नोव्हेंबर, बुधवार
एमिलकडे गेलो. आकृती काढून सगळी योजना समजावली, चाळीस मिनिटं. त्याने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, बँड ऐकू येईल का? मी म्हणालो, स्पीकर आणतोय, थिएटरसारखा. म्हणाला, टीव्हीवरचा नाही रे, आतला, हाफ टाइमला मैदानावर कवायत करत वाजवतात तो. मी म्हणालो, एमिल, सगळं येईल, तू फक्त बस. तो "बरं" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. भारावला होता.
लोर्नाच्या अटी: चूल वीस फूट लांब, ऑक्सिजनजवळ जाळ नको. आणि इंजिन बंद, धूर बाबांच्या नाकात नको. मान्य. इंजिन तसंही दुबळ्यांना लागतं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
दुकानात लक्ष लागलं नाही. एका बाईला दोनदा तोच गालिचा दाखवला. दोन्ही वेळा तिला आवडला नाही.
गॉर्डीचा फोन. बॅटरीला बॅटरी जोडायच्या केबल घेऊन येऊ का, म्हणे. मी फोन ठेवला. काही अपमानांना हेच उत्तर असतं.

१८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ५.२०
तयार. बूटसुद्धा घातलेत. निघायला साडेतीन तास आहेत.

सकाळी १०.१५, पार्किंग
सगळं चालू. हवा उणे दोन. एमिल ब्लँकेटमध्ये, नळी नाकात, टोपी नेहमीचीच, कानांवर पट्ट्या उतरणारी. जुनी माणसं येऊन त्याला भेटून गेली. एक म्हणाला, एमिल, आम्हाला वाटलं तू गेलास. एमिल म्हणाला, मलाही वाटलं होतं, पण लोर्नाने परवानगी दिली नाही.
गॉर्डी वीस फुटांवर सॉसेज भाजतोय. मला हात करतोय. मी बघत नाहीये.

दुपारी १.०५
मॅच सुरू. चिलीला अजून उकळी नाही. आवाज जास्त आहे अशी एक तक्रार डावीकडच्या व्हॅनमधून. मी स्पीकर वाढवला, म्हणजे इन्व्हर्टर ऐकू येत नाही.

दुपारी १.५०
टीव्हीचा रंग जरा फिका वाटतोय. ढगांमुळे.

दुपारी २.१५
माळ विझली. दिवसा तशीही गरज नव्हती.

दुपारी २.२५
इन्व्हर्टरने किंकाळी फोडली. सगळं गेलं. मशीन वाजायला लागलंय.

१९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी
काल पुढचं लिहायला जमलं नाही. आज शांतपणे लिहितो. वस्तुनिष्ठ.
मशीन टीं-टीं करत होतं आणि मला काही सुचेना. किल्ली फिरवली. गाडीने "टक" केलं. परत फिरवली, "टक". मी इन्व्हर्टरला चापटी मारली. एमिलच्या नाकातली नळी धरून पाहिली, हवा येते की नाही ते कळेना. मला वाटलं, संपलं. भांडंभर चिलीसाठी मी या माणसाला मारलं. हे मी मोठ्याने बोललो, असं नंतर समजलं.
लोर्ना खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही. तिने पायाने मशीन आपल्याकडे ओढलं, एक बटण दाबलं, आवाज थांबला. मग म्हणाली, नॉर्बर्ट, याला स्वतःची बॅटरी आहे. चार तास चालते. बाहेरची वीज गेली की ते फक्त सांगतं, गेली म्हणून. आणि पर्समधून दुसरी बॅटरी काढून दाखवली. भरलेली. म्हणाली, पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय, आणि नर्सनेही सांगितलं होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, दोन तारखेला सांगणार होते, पण तू आकृती काढायला घेतली होतीस. सतरा दिवस तू इतका खूश होतास, मग राहू दिलं.
मी बॉनेटला टेकून उभा राहिलो. गॉर्डी चिमटा हातात धरून पळत आला होता, त्यानेही माझ्या पाठीवर हात ठेवला, यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते समजावं.
आणि मग एमिलने बोट वर केलं, गप्प बसा या अर्थाने.
भिंतीपलीकडे बँड सुरू झाला होता. हाफ टाइम. आधी ढोल, मग ट्रम्पेट, मग सगळे. आमच्याकडे आता टीव्ही नव्हता, स्पीकर नव्हता, गांधीलमाश्या नव्हत्या. डावीकडच्या व्हॅनमधलेही थांबले. दहा मिनिटं एमिलने डोळे मिटून ऐकलं. उजव्या हाताची बोटं ब्लँकेटवर हलत होती.
संपल्यावर म्हणाला, हॅटी शेवटून दुसऱ्या ओळीत असायची. क्लॅरिनेट. एकसष्ट साली. मी पार्किंगमध्ये याच बाजूला उभा राहायचो, तिकिटाला पैसे नसायचे. ओळ वळली की तिचा आवाज वेगळा कळायचा. लोर्नाने नाक पुसलं. सासूबाईंनी क्लॅरिनेट वाजवली होती हे मला सत्तावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.
मग एमिल माझ्याकडे वळला. म्हणाला, सकाळपासून वाट बघत होतो रे, तुझं ते खोकं कधी बंद पडतंय याची.
गॉर्डीने आपली व्हॅन आणली, केबल जोडल्या, दोन मिनिटांत गाडी चालू झाली. त्याने फक्त एवढंच विचारलं, चिली कशी झाली? चिली थंड होती. घेवडा कच्चा. आम्ही त्याची सॉसेज खाल्ली. मॅच आपण हरलो, असं ऐकलं.

२० नोव्हेंबर, सोमवार
थंड डोक्याने विचार केला. योजना मूलतः यशस्वी होती. ऑक्सिजन एक क्षणही थांबला नाही. बँड ऐकू आला, जे मी पंधरा तारखेला कबूल केलं होतं. तो ऐकू यायला वीज जाणं आवश्यक होतं, आणि वीज वेळेवर गेली. हाफ टाइमच्या बरोबर आधी. हा काही योगायोग म्हणता येणार नाही.
लोर्नाला वाचून दाखवणार होतो, पण ती आतल्या खोलीत वडिलांशी फोनवर बोलत होती. क्लॅरिनेटबद्दल. तासभर.

२२ नोव्हेंबर, बुधवार
डोक्यात सुधारणा चालू आहेत. दुसरी बॅटरी, पत्र्याच्या पेटीत, आतून फोम लावून, आवाज शून्य. गॉर्डीला सांगितलं. तो म्हणाला, नॉर्बर्ट, तू शवपेटी बनवतोयस.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ९
एमिलचा फोन. मला, लोर्नाला नाही. उद्या शेवटची घरची मॅच आहे, येतोस का? मी म्हणालो, येतो म्हणजे काय, पेटी जवळजवळ तयार आहे, फक्त चिमटे... तो म्हणाला, पेटी नको. टीव्ही नको. दोन खुर्च्या आण आणि थर्मासमध्ये कॉफी. मी विचारलं, आणि करायचं काय? म्हणाला, बसायचं. ऐकायचं. मी विचारलं, बँड तर दहा मिनिटं असतो, बाकी तीन तास? म्हणाला, ते मला माहीत आहे. म्हणून गॉर्डीला विचारणार होतो. तो गप्प बसू शकतो. पण त्या दिवशी तू माझी नळी धरून उभा होतास ना, तुझे हात बर्फासारखे झाले होते. तेव्हा म्हटलं, आधी तुला विचारावं.
मी हो म्हणालो.

सकाळी ११.४०
गप्प बसायचा सराव केला. स्वयंपाकघरात, खुर्चीवर, हात मांडीवर. लोर्नाने घड्याळ लावलं.
चार मिनिटं. त्यातलं एक मिनिट मी किती वाजले ते विचारत होतो.