कात्रजच्या पाण्याचा घोट

अप्पा, तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी तुमच्यावर रागावले आहे हे तुम्हाला कळण्याची आता सोय नाही, तरी लिहिते. अक्षरंही तुम्हीच शिकवलीत. मुलीला लेखणी कशाला, असं सगळे म्हणत होते. तुम्ही म्हणालात, घरखर्च तरी नीट लिहील. तो आजही लिहिते.

कात्रजच्या डोंगरातलं पाणी शहरात आणायचं काम चालू होतं, त्या कामावर तुम्ही कारकून. मी लहान. एका दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात येता, चुलीशेजारी तीन पातेली पायऱ्यांसारखी मांडता आणि सगळ्यांत वरच्यात गढूळ पाणी ओतता. गाळ तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी पुढच्यात उतरतं, तिथं आणखी निवळतं. "आमचे हौद असेच बांधलेत. हे पाणी आलं की गावातले पोटाचे विकार पळालेच म्हणून समज." आई म्हणते, "ते पळतील तेव्हा पळतील. माझ्या पातेल्यांतला चिखल कोण काढणार, ते सांगा." तुम्ही हसता.

पाणी आलं. पेठापेठांतून लोक घागरी घेऊन हौदांकडे धावले. आपल्या घरात मात्र विहिरीचंच. नळातून येतं, वाटेत कुणाकुणाचे हात लागतात, सोवळ्याला चालायचं नाही, हे तुम्हीच ठरवलंत. त्या आषाढात आईला जुलाब लागले. वैद्य म्हणाले, "विहीर गढुळलीय, अप्पा. यांना हौदाचं हलकं पाणी द्या." तुम्ही म्हणालात, "जन्मभर पाळलेलं सोवळं दोन दिवसांसाठी मोडायचं?" आईनंही अंथरुणातून तुमच्याच बाजूनं मान हलवली. ती गेली. मी म्हटलं, देवाची इच्छा. आणि आपल्या वडिलांची निष्ठा तरी केवढी! त्या निष्ठेच्या आधारावर मी दुःख गिळलं.

तुमच्या तेराव्याला तुमच्या दप्तरातले एक म्हातारे कारकून जेवायला होते. मी पाणी वाढलं. त्यांनी घोट घेतला नि म्हणाले, "विहिरीचं वाटतं? अप्पांना मुळीच आवडत नसे हो. रोज दुपारी हौदावर जाऊन ओंजळीनं प्यायचे. म्हणायचे, घरचं घशाखाली उतरत नाही."

"केव्हापासून?" मी विचारलं.

"अहो, पाणी आलं त्या दिवसापासून!"

मी पुढच्या पानाकडे वळले. पंगत उठायची होती.

सोवळं मोडलंत म्हणून माझं भांडण नाही, अप्पा. देव एवढ्यातेवढ्यानं रागावत नाही. पण ते पाणी चांगलं आहे हे तुमच्या जिभेला ठाऊक होतं, आणि आई तहानेनं ओठ चाटत पडली असताना तुम्ही तिला सोवळं सांगितलंत. तिनं तुमच्यावर विश्वास ठेवून मान हलवली. मीही ठेवला. चारचौघांत बोभाटा होईल, एवढीच ना भीती?

हे धाडायचं तरी कुठं? वाळूनं शाई टिपली की चुलीत घालीन. एक मात्र सांगून टाकते. सासरीही सोवळ्यापायी विहिरीचंच पाणी चालतं, तरी काल देवळातून परतताना मी हौदावर थांबले आणि पोटभर प्याले. गार, गोड पाणी. घरापाशी आले तर सासूबाई दारात उभ्या. मी पदरानं तोंड पुसलं आणि मग आत गेले.