डाल्याच्या कडेची पट्टी

बाबा, ज्या माणसानं लहानपणी खांद्यावर बसवून मंडईची जत्रा दाखवली, त्याला 'तुमचं काम चुकलं' हे कसं सांगतात? मला येत नाही. पदवी झाली, बायकांचा गट उभा केला, तालुक्याच्या कार्यालयात न घाबरता बोलते. पण कुडव्याच्या तुमच्या दुकानात काकांसमोर उभी राहिले की आवाज चढत नाही. तुमच्या हाताखाली वेल्डिंग शिकलेले काका; तुम्ही गेल्यापासून दुकान तेच सांभाळतात.

गोष्ट एवढीशी आहे. गटानं धान कापायचं यंत्र घेतलं आणि ते गावोगाव न्यायला एक जुनी छोटी मालगाडी. यंत्र अवजड. ते गाडीत चढवायला दरवेळी चार पुरुष लागायचे आणि ते यायचे त्यांच्या सवडीनं, चहा पिऊन. "यंत्र बायकायचं, उचलाले आमी," हे ऐकून मी विटले होते. म्हणून गाडीचा मागचा डाला नवा बांधायला दिला. मागची झडप, म्हणजे फाळका, खाली पाडला की त्याचाच रॅम्प व्हावा आणि दोघींनी कुणाला हाक न मारता यंत्र वर न्यावं. काकांनी रॅम्प सुरेख केला, लांब, पाय घसरू नये म्हणून आडव्या सळ्या मारलेला. आणि जिथे रॅम्प संपून डाला सुरू होतो, नेमकी तिथेच एक लोखंडी पट्टी उभी जोडून ठेवली. धान सांडू नये म्हणून! चाक तिथे अडतं, यंत्र मागे घसरतं. पहिल्याच दिवशी ते एकीच्या पायावर येता येता राहिलं आणि पुन्हा त्याच चौघांच्या दारी जावं लागलं.

मी सांगितलं, काका, यात धान जाणारच नाही. त्यांनी मान डोलावली, गाडी ठेवून घेतली, आणि परत दिली तेव्हा पट्टी होतीच, फक्त थोडी बुटकी, वर निळा रंग दिलेली. चाक पुन्हा अडलं. मी डोक्याला हात लावला. "बाई, यंत्र आज हाये," ते म्हणाले. "उद्या कोनी धानाचे कट्टे टाकले न दाना सांडला, त लोक तुया बापाले नाव ठेवतीन. पट्टीबिगर डाला या दुकानातून जात नाही."

म्हणजे मुळात हे तुमचंच. मला तो दिवस आठवतो. मी शाळेतून दुकानात येते. दुसऱ्याच कुणी बांधलेली ट्रॉली दारात उभी आहे, फटीतून रस्ताभर धान सांडत आलेली. तुम्ही उकिडवे बसून बोटांनी दाणे गोळा करताय. मी त्यांवरून चालत जाते आणि तुम्ही खेकसता, "डोरे फुटले काय तुये?" त्याच दिवशी तुम्ही काकांना पट्टीचा नियम घालून दिला. तो मला तेव्हाही पटला होता. पण बाबा, नियम पाळताना समोर काय ठेवलंय ते बघायचं की नाही? यंत्राचे काही दाणे होतात का? आणि हे सांगितलं की काका इतक्या मायेनं हसतात, की त्या हसण्याचाच मला जास्त राग येतो.

हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापणीला आला. बोदलकश्याच्या शेतकऱ्यांचे रोज फोन येऊ लागले. काल काका पाहुण्यांकडे सौंदडला गेले, तेव्हा मी दुकानातला ग्राइंडर लावला आणि पट्टी कापली. काप वाकडा गेला. पण दोघींनी यंत्र वर नेलं, भाजीच्या गप्पा मारत.

संध्याकाळी काकांनी कडेवरून बोट फिरवलं. "कोनाले इचारून कापली?"

"बाबा असते त त्यायनंच कापली असती," मी म्हणाले.

मग त्यांनी धारदार राहिलेली कड घासून गुळगुळीत करून दिली.

तुम्ही काय केलं असतं, मला ठाऊक नाही. बहुधा तुम्हीही नाहीच म्हणाला असता. समजावून समजावून मी थकले होते आणि तुमचं नाव हाताशी होतं, म्हणून वापरलं. हे लिहिलेलं काकांना मी कधी वाचून दाखवणार नाही. आज सकाळी गाडी बोदलकश्याला गेली, आणि वाटेतच ती पट्टी मी भंगारात देऊन टाकली.