फडक्यामागचा चेहरा

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २००३, वसई

डोकं अजून तापलेलंच आहे. संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात सगळ्यांना बसवून घुसखोरांवरची डॉक्युमेंटरी दाखवली. वालीवचे कारखाने, अंधारे गाळे आणि मागे धडधडणारं संगीत. मीही मान डोलावत होतो. "एकेकाला हाकलून द्यायला पाहिजे," असं मीच म्हणालो. मीच!

मग एक माणूस दिसला. कॅमेरा जवळ येताच त्याने नाकावर फडकं ओढलं आणि तोंड फिरवलं. तेवढंच हळू करून तीनदा दाखवलं. वर निवेदकाचा आवाज, "हे लोक चेहरा का लपवतात?"

हिरव्या चौकड्यांचं फडकं, कोपरा जळलेला. माझं फडकं! अरे, आमच्या कारखान्यात पितळी नळांना पॉलिश करताना काळी धूळ उडते, ती नाकातोंडात जाऊ नये म्हणून आम्ही सगळेच बांधतो. एका शब्दाने विचारायचं तरी! पडद्यावर माझ्या शेजारी तोंड बांधून बसलेला काशिनाथ तर इथल्याच चांदीप गावचा, तिथे त्याच्या घरची भातशेती आहे.

मी ओरडलो, "अहो, तो मी आहे!"

सगळे खो खो हसले. सेक्रेटरी म्हणाले, "तुमचं सोडा हो सावंत, बाकीचे असतीलच ना?" आणि सगळ्यांनी पुन्हा माना डोलावल्या. माझ्यासमोर!

घरी आल्याआल्या बायकोने माझ्या डब्याच्या पिशवीतून ते फडकं काढून घेतलं. "उद्यापासून नका बांधू," म्हणाली.

सगळे हसले तेव्हा ती एकटीच हसली नव्हती.