तपासणीच्या बाजूने

डोंबिवली,
१० नोव्हेंबर १९५७

ती. प्रभाकरदादास सरोजचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. तू सीमेवर, म्हणून भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं. अण्णांचा खोकला कमी आहे, पण ते माझ्याशी बोलत नाहीत. का, ते सांगते. आधी सभेचं ऐक.

ठाण्याच्या व्याख्यानमालेत वादविवाद होता. अणुबॉम्ब नव्या देशांच्या हाती पडू नये म्हणून त्यांच्या अणुकारखान्यांची तपासणी बरी की लष्करी कारवाई? कारवाईच्या बाजूने तुझे मित्र लेफ्टनंट ठोसर, रजेवर आलेले. तपासणीच्या बाजूने मी. लग्न ठरलेली मुलगी नवऱ्या मुलाशी भांडणार, म्हणून गर्दी ही!

ठोसर छान बोलले. "चोर हवं तेवढंच दाखवतो. तपासनीस चहा पिऊन परततात आणि मागच्या खोलीत बॉम्ब तयार होतो. कारखाना वेळीच उडवा!" टाळ्या पडल्या.

मी म्हटलं, "तपासनीस फसतील, कबूल. पण त्यांना पुन्हा पाठवता येतं. टाकलेला बॉम्ब परत बोलावता येतो का? आणि कारखाना उडवाल, बांधणाऱ्याची विद्या कशी उडवाल? आज उघड्यावर बांधणारा उद्या डोंगराखाली बांधेल. मग काहीच दिसणार नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, आधी चूल बघा!"

"बघते ना. पेटवण्याआधी बघते."

सभा हसली. बक्षीस मला मिळालं.

दुसऱ्या दिवशी ठोसर आणि त्यांच्या आई घरी आल्या. आई म्हणाल्या, "लग्नानंतर हे व्यासपीठ बंद." मी ठोसरांनाच विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

खाली बघत म्हणाले, "घरात एकच आवाज हवा."

"मग तुमचाच पुरे. मी येत नाही."

त्यांनी मुलगी नाकारली, असं तुझ्या कानावर येईल. खोटं आहे. नकार माझा. अण्णा म्हणाले, रागाच्या भरात बोलले असं ठोसरांना लिही आणि माफी माग; मी नाही म्हटलं, तेव्हापासून त्यांचा अबोला. दादा, मी रागात नव्हते. ते गेल्यावर मोरीत जाऊन रडले मात्र. मला ते आवडत होते रे. हे फक्त तुला सांगते. तरी माफी मागणार नाही.

हे स्थळ तू आणलंस, म्हणून मोडल्याचं माझ्याकडूनच कळावं. मध्यस्थी करू नकोस. सोमवारपासून कल्याणच्या मुलींच्या शाळेत शिकवायला जाते आहे; अण्णांना आवडो न आवडो. तुला राग आला तर खुशाल भांड, पण मुद्द्याला धरून.

मान ताठ असलेली, तुझीच,
सरोज