ताईची खबर

मंगळवार, संध्याकाळ. अकोला.

बातम्या बंद केल्या तरी छातीतली धडधड थांबत नाही. रिमोट गव्हाच्या कोठीत दडवलाय, पण हात सारखा तिकडेच जातो.

दुपारी अमरावतीहून ताईचा फोन आला. ‘एक खबर हाय,’ म्हणाली. मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. ‘मले कोनतीच खबर सांगू नोको, ताई. रातभर झोप लागत नाई मले.’ फोन ठेवला. शहाणपणाचं वागले असं वाटलं.

मग कोठी उघडली. रिमोट काढला, परत ठेवला. ताई पेपर वाचत नाही, टीव्ही लावत नाही. तिच्याकडे कुठली आली बातमी?

आत्ता मीच फोन लावला.

‘माह्या रश्मीले पोरगी झाली, बाई. पयला फोन तुलेच केला होता. आता साऱ्याइले सांगून झालं.’