शाळा रस्त्यावर आली

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार, दोघी पोरींना भरपूर पापे. इकडे बरं चाललंय. दुकानात कपड्यांचा ढीग आहे आणि मी मशीनच्या मागे धावते आहे. तुझा शर्ट शिवून ठेवलाय. पोट मागच्या वर्षीएवढंच असेल असं धरून चालले आहे.

ताई फोन का उचलत नाही, रागावली आहे का, असं तू सारखं विचारतोस. रागावलेली नाही रे. कामात आहे, असं मी तुला दर वेळी सांगितलं आणि ते खरंच आहे, फक्त अख्खं नाही. फोनवर अख्खं सांगायला गेले तर मी मध्येच फोन ठेवून देईन. म्हणून हे पत्र. आधी शाळेचं सांगते.

आपल्या वेळचे मुख्याध्यापक, मोठे सर, आठवतात? जिन्यात ते नुसते खोकले तरी अख्खा मजला चिडीचूप व्हायचा. वेळापत्रक, हजेरी, छडी आणि वर्षातून एक भाषण, एवढंच त्यांचं काम. आईबाप शाळेची पायरी चढायचे ते दाखला न्यायला, नाहीतर सरांनी दिलेल्या धपाट्यात आपलाही एक मिळवायला. आता त्यांच्याच खुर्चीत बसणाऱ्या ताईच्या खोलीचं दार मात्र सदा उघडं. बसचा ड्रायव्हर, वकिलाची नोटीस, तुंबलेली मोरी, परीक्षेच्या धसक्याने जेवण सोडलेली मुलगी, सगळं त्याच दारातून आत. वर पालकांचे मेसेज, सकाळी दात घासायच्या आधीपासून. "मी मुख्याध्यापिका कमी आणि अग्निशमन दल जास्त," असं ती म्हणायची.

म्हणायची, असं लिहून गेले. असू दे, तिथे येतेच.

सप्टेंबरमध्ये ताई रजेवरून परत कामावर रुजू झाली आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका वर्गाचं छत कोसळलं. मुलं खेळाच्या तासाला मैदानावर होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी त्या दिवशी शाळेतच होते. त्या दिवसांत मी दुकान बंद ठेवून ताईसोबत जात असे. आम्ही वर गेलो तर बाकांचे दोन-दोन तुकडे झालेले, आणि एका बाकावर कुणाची तरी पाण्याची बाटली चपटी होऊन पडलेली. ताई तिथे बराच वेळ उभी राहिली.

इंजिनिअर आले, तुळयांवर ठोकून गेले. म्हणाले, दुखणं इथे दिसलं एवढंच, मुरलंय सगळ्या इमारतीत. मग संस्थेचे अध्यक्ष आले. माणूस वाईट नाही, दादा. त्यांनी समजुतीने सांगितलं, वरचा मजला बंद करू, गिलावा करून घेऊ, बाकीचं सुट्टीत बघू. वर्षाच्या मध्यात गवगवा झाला तर लोक मुलं काढून नेतील आणि आज ना उद्या शाळाच बंद पडेल. कुणीही शहाण्या माणसाने हेच सुचवलं असतं. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग पाटी काढून तिच्यावर लिहिलं, "इमारत उद्यापासून बंद. पालकांना मी सांगेन."

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही सांगणार? कशा?"

आणि लगेच त्यांनीच मान खाली घातली.

दादा, ताईला बोलता येत नाही. उन्हाळ्यात तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, त्याची धास्ती घेऊ नकोस. पण काढताना आवाजाची नस दुखावली. आता तोंडातून निघते ती नुसती हवा. अख्ख्या मैदानाला माइकशिवाय ऐकू जायचा तो आवाज, तू ज्याला भोंगा म्हणून चिडवायचास तो. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. तू सगळं टाकून धावत येशील आणि तिच्यासमोर रडशील, म्हणून. आवाज आला की मीच त्याला फोन करेन, असं तिने लिहून दिलं होतं. वाट बघा, असं डॉक्टरही म्हणाले होते.

म्हणून मी शाळेत जात होते. तिची जीभ व्हायला.

पालकांची सभा मैदानात भरली. एवढी माणसं मी एका जागी कधी पाहिली नव्हती, आणि सगळीच तापलेली. ताईने लिहिलेला कागद मी वाचायचा असं ठरलं होतं. माझं तुला ठाऊकच आहे, गिऱ्हाइकाला माप विचारतानाही माझी बोबडी वळते. पहिल्या ओळीलाच एक उंच गृहस्थ उठून ओरडायला लागले, त्यांची मुलगी त्याच वर्गातली होती. मागून आणखी आवाज चढले. मी तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. तेव्हा ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि माइक ओठांना टेकवला. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने गळ्यावर जास्तच ताण येतो, असं डॉक्टरांनी तिला बजावलेलं होतं.

नीट न लागलेल्या रेडिओसारखी खरखर आली. पुढच्यांनी मागच्यांना गप्प केलं, त्यांनी त्यांच्या मागच्यांना. शांतता अशी माणसांमधून चालत मागे जाताना मी डोळ्यांनी पाहिली. शेवटी कुंपणापलीकडे कुणाची सायकल गेली, तिची साखळी ऐकू आली.

ताई म्हणाली, "छत पडलं. वर्ग रिकामा होता हे नशीब, माझी हुशारी नाही. या इमारतीत मी तुमची मुलं बसवणार नाही. मला जागा द्या."

एवढंच, आणि ती खाली बसली. आपल्या मोठ्या सरांनी जन्मात असं वाक्य उच्चारलं नसतं. शाळेला लोकांपुढे हात पसरावा लागतो, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसतं.

मग ते ओरडणारे गृहस्थच पुन्हा उठले. खाकरले. म्हणाले, माझं गोदाम निम्मं रिकामं आहे. त्यांच्यामागे एक बाई उठल्या, कारखान्याची कँटीन दुपारपर्यंत मोकळी असते म्हणाल्या. मग वाचनालय आलं, मग व्यायामशाळा, मग थिएटरचा मालक, सकाळचे खेळ तसेही कुणी बघत नाही म्हणून. मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेत होते आणि मला अक्षरं दिसत नव्हती.

आणि मग शाळा निघाली. काय सांगू तुला! मोठ्या मुलांच्या डोक्यावर बाकं, चौघांच्या खांद्यावर एक फळा, लहानग्यांच्या हातात डस्टर आणि नकाशांच्या गुंडाळ्या. प्रयोगशाळेतला हाडांचा सांगाडा शिपायाच्या पाठीवर बसून निघाला होता, त्याला बघून वाटेतलं एक कुत्रं शेपूट घालून पळालं. चौकात गाड्या थांबल्या. एकाही माणसाने हॉर्न वाजवला नाही. एका ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि रांग संपेपर्यंत हाताची घडी घालून उभा राहिला. अध्यक्षांची गाडी आली तर तिच्या टपावर बाकं बांधलेली. आणि मधोमध ताई, दोन्ही हातांनी इकडची रांग थोपवत, तिकडची सोडत. शाळा रस्त्यावर आली, असं लोक एरवी हळहळून म्हणतात. मी ती खरोखर रस्त्यावर आलेली पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला. आपल्या घरातलं माणूस एवढं मोठं असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नकोस. काहींनी मुलं काढून नेलीच. थिएटरमध्ये इतका अंधार असतो की गणिताचे सर टॉर्च घेऊन वह्या तपासतात. ताईला आता खोलीच नाही. पाटी पर्समध्ये घालून ती दिवसभर एका जागेवरून दुसऱ्या जागी चालत असते. पोरं तिच्यासोबत चार पावलं चालतात, पाटीवर आपलं गाऱ्हाणं लिहितात, ती पुसते, उत्तर लिहिते. मी पुन्हा दुकान उघडलं. तिला माझ्या जिभेची गरज उरली नाही.

आता राहिलेलं सांगते.

गेल्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आवाज परत येणार नाही म्हणाले. मी तिथेच रडले, ताईने माझा हात धरून ठेवला. मग मीच विचारलं, त्या दिवशी ती माइकवर बोलली नसती तर? डॉक्टर म्हणाले, ते आता सांगता येणार नाही. ताईने पाटी माझ्यापुढे धरली.

"मग विचारू नकोस."

तिथून ती सरळ गोदामात गेली, तिथले दिवे गेले होते. नवी इमारत उभी राहीपर्यंत संस्थेने तिला कामावर ठेवलंय, पुढचं पुढे. काल तिने माझी शपथ सोडवली. पाटीवर लिहून दाखवलं, दादाला लिही, आणि कमी करून लिहू नकोस.

तुला वाईट वाटेल. वाटू दे, मलाही वाटतं. पण त्या चौकात उभी असताना मला जे वाटलं, त्यातलं चिमूटभर तरी तुला तिकडे वाटावं, म्हणून एवढं लिहिलं.

ताईची बहीण म्हणून गावभर मिरवणारी,
तुझी छोटी