काळी पेटी की करडी

लिमा, २ मे २००४

ती. निल्दाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं मी टाळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. कागद आणला, पाकीट आणलं. मग त्या पाकिटात मित्राच्या मोटरसायकलचे स्क्रू ठेवले. मोटरसायकल विकली गेली, स्क्रू अजून पाकिटातच आहेत.

बाबांच्या गिटारचा आवाज वाढवणारी पेटी, तो जुना अँप, पुराच्या पाण्यात गेला, हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. तो अँप माझ्यापेक्षा मोठा होता, आणि मार त्याने माझ्यापेक्षा कमी खाल्ला. मार्दोनियोकाका तर काय, बाबांच्या ताफ्यात गायला लागल्यापासून त्यांना कीबोर्ड हवाच होता. २४ जूनला सान हुआनच्या सणाला गिटारचा आवाज जमला नाही तर ते कीबोर्डवाला उभा करणार; आणि बाबा म्हणतात, ज्या पेटीत माझा आवाज नाही ती घेऊन मी मंचावर चढणार नाही. म्हणजे इथून नवी पेटी मी निवडायची, आणि बाबा सणाला वाजवणार की नाही हे माझ्या कानांवर. शाळेत मास्तर ते रोज पिळायचे, तेवढाच त्यांचा आजवरचा उपयोग.

जुन्या धाटणीचे अँप आता कोणी ठेवत नाही. आता बहुरूपी पेट्या आल्यात. आत संगणक असतो. एक खुंटी फिरवली की पेटी गोऱ्यांच्या जुन्या नामांकित अँपची नक्कल करते, आणखी फिरवली की दुसऱ्याची. दोन पेट्या निवडून काढल्या. करडी हलकी, एका हाताने उचलता येते, आवाज काचेसारखा. काळी म्हणजे मेलेलं डुक्कर. तिच्यात संगणक आहेच, पण शेवटी आवाज ढकलायला एक काचेचा दिवाही आहे, पूर्वीसारखा. तरी दुकानात करडीच सरस वाटते. मी दोन्हींवर बाबांची ती चाल इतक्या वेळा वाजवली की दुकानातला एदिल्बेर्तो म्हणाला, घ्यायचीय की पेटीशी लग्न लावायचंय? आता आमची दोस्ती झालीय.

कॅसेट पाठवतोय. आधी करडी, मग काळी. बाबांना ऐकव.

तुझा लोभ आहेच, तो माझ्या आळसापायी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
लिंडर

*

रेकेना, १३ मे

चि. लिंडरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कॅसेटही मिळाली, तिच्यात अर्धा वेळ तू आणि कोणी बाई शेंगदाण्याच्या भावावरून भांडताय.

बाबांनी ऐकलं. करडीबद्दल म्हणाले, हा कोणी इस्त्रीचा सदरा घातलेला मनुष्य आहे, नदी त्याने चित्रात पाहिलीय. काळीबद्दल म्हणाले, हा त्याचाच भाऊ, सर्दी झालेला. शेवटी म्हणाले, माझा सूर मध्येच गुडघ्यात वाकतो आणि पुन्हा उभा राहतो. लोक नाचतात ते त्या वाकण्यावर. तुझ्या दोन्ही पेट्या ताठ्याच्या. तेव्हा वाकणारी शोध.

इकडे नगरपालिकेने नवं वीजयंत्र बसवलंय. दिवे आता डोळा मारत नाहीत. या वर्षी मंचालाही त्याचीच वीज, त्यामुळे एव्हारिस्तोकाकांचं वीज करणारं जुनं डिझेल इंजिन देवळामागे ताडपत्रीखाली पडून आहे. बाबा खूश. तुला आठवतच असेल, एका सणाला ऐन गाण्यात ते इंजिन बंद पडलं आणि पुन्हा सुरू झाल्याबरोबर बाबांनी मायक्रोफोनवरून साऱ्या गावासमोर काकांना डिझेलचोर म्हटलं. तेव्हापासून दोघं धक्क्यावर समोरासमोर आले तरी एक नदी बघतो, दुसरा आभाळ. काकांचं इंजिन मात्र दर सणाला मंचामागे असायचंच; गावात दुसरं होतं कुठे?

बाबा रोज संध्याकाळी गिटार मांडीवर घेतात, तारा पुसतात आणि ठेवून देतात. वाजवत नाहीत. मी सणाच्या हुआनेसाठी, भात गुंडाळायला पानं कापत असते. लवकर काय ते कर. आणि जेवत जा.

माया आहे ती आहेच, पण पत्रांनी ती ओली राहते.

तुझी ताई,
निल्दा

*

लिमा, २९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या वेळी उशीर केला नाही, याची नोंद घ्यावी.

वाकणारी शोध म्हणालीस, म्हणून दोन्ही पेट्यांवर सूर हलवायची खुंटी असते ती फिरवली. हलतो, पण छताच्या पंख्यासारखा. प्रत्येक फेरी सारखी. बाबांनी ऐकलं असतं तर पेटी नदीत आणि मागोमाग मी. मग मी कंटाळून समुद्रावर गेलो. तिथे एक माणूस खेकड्यांची शर्यत लावतो. ते पुन्हा कधीतरी.

मुद्दा असा. एदिल्बेर्तोच्या बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता, वर टेकडीवरच्या वस्तीत. तिथे अजून वीज पोचलेली नाही. मी वाजवणार असं त्याने परस्पर जाहीर केलं, आणि मालकाला विचारून दोन्ही पेट्या वर नेल्या. काळीने माझी कंबर मोडली. वीज म्हणजे एक खोकणारं इंजिन; त्यावरच दिव्यांच्या माळा, बिअरचा फ्रीज आणि मी.

आधी करडी लावली. फ्रीज घरघरला, दिवे पिवळे पडले, करडीला काही पत्ताच नाही. तश्शीच ताठ. मग फ्रीज आणखी जोरात घरघरला आणि करडी एकदम मेली. लोक हसले. बाळाचा आजा म्हणाला, हिला गाडलेलं बरं, बाप्तिस्म्याला आणलीच कशाला.

मग काळी लावली. बाबांची चाल धरली. फ्रीज घरघरला, दिवे पिवळे पडले, आणि ताई, सूर गुडघ्यात वाकला. इंजिनाने दम घेतला, सूर उभा राहिला. माझ्या हातांनी काहीच केलं नव्हतं. तिकडे केळी तळणारी एक बाई झारा हातात घेऊन पुढे आली आणि म्हणाली, हा रेकेनाचा आवाज आहे, देमेत्रियोचा. तू त्याचा कोण? मी मुलगा म्हटल्यावर तिने मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, नाक आईचं दिसतंय, बरं झालं.

आता कळलं का? मी इतके दिवस शहराच्या सरळ विजेवर पेट्या तोलत बसलो. सूर वाकायचा तो जुन्या अँपच्या पोटात नव्हता, आणि बोटांतही अर्धाच होता. उरलेला अर्धा मंचामागे एव्हारिस्तोकाकांच्या इंजिनात होता. बाबा ज्याला चोर म्हणाले तोच त्यांच्याबरोबर दर सणाला वाजवत होता, दोघांनाही न कळता.

काळी पेटी आधी ट्रकने, मग नदीतून लाँचने पाठवतोय. पण नगरपालिकेच्या विजेवर तीही सर्दीच्या माणसासारखीच बोलेल. इंजिन लागेल.

एक सांगायचं राहिलं. हे पत्र नेहमीसारखं खिडकीत बसून मोठ्याने वाचू नकोस. आधी एकटीने वाच.

राग आला तर येऊ दे, लोभ जाऊ देऊ नकोस.

तुझा,
लिंडर

*

रेकेना, १४ जून

चि. लिंडरास,
आशीर्वाद, आणि दोन धपाटे.

मोठ्याने वाचू नकोस हे कोणी पत्राच्या शेवटी लिहितं का? आपल्याकडे आलेलं पत्र खिडकीत वाचतात, हे तू जन्मापासून बघतोयस. मार्दोनियोकाका होते, शेजारचे होते, दोन नावाडी होते. मी खेकड्यांच्या शर्यतीला हसले आणि त्याच वेगात पुढे इंजिनापर्यंत गेले. थांबले तेव्हा फार उशीर झाला होता. बाबा उठून मागच्या दारी गेले. नावाडीही उठले, ते धक्क्याकडे. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

पेटी काल आली. बाबांनी ती घरच्या विजेवर लावली, चाल एकदा वाजवली. सरळ. दिव्याकडे बघत बसले, तो हलायचं नाव घेईना. मी म्हटलं, मी जाऊन काकांना विचारते. म्हणाले, चोर मी मायक्रोफोनवर म्हणालो आणि माफी मुलीने कानात मागायची? मग तुम्ही जा म्हटलं. म्हणाले, कुठल्या तोंडाने. पेटीवर चादर टाकली. मार्दोनियोकाकांनी आज सकाळी कीबोर्डवाल्याला निरोप धाडला. बाबांनी ते ऐकलं आणि चादरीचं टोक पेटीखाली खोचलं.

तेव्हा तू केलंस ते चांगलं केलंस, पण उपयोग झाला असं लिहिता येत नाही. सणाला आलास तर हुआने आहेत.

आमची आठवण ठेव, आम्ही तुझी ठेवतोच.

तुझी ताई,
निल्दा

ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात दारात एव्हारिस्तोकाका. खांद्यावर वायरचं भेंडोळं. बसले नाहीत. आभाळाकडे बघत म्हणाले, ताडपत्री काढलीय, मंचापर्यंत वायर पुरते का बघायचंय, आणि या वर्षी मध्येच बंद पडलं तर मायक्रोफोन आधी माझ्याकडे द्यायचा. बाबांनी पेटीवरची चादर काढली. पेटी जड आहे. एका कडेला बाबा, दुसऱ्या कडेला काका, दोघं ती घेऊन आत्ताच पायऱ्या उतरले.